ठणका चढण्याआधी

समोर कबड्डी खेळणारी बरीच मुलंमुली आणि त्यांचे आईवडील बसलेत, म्हणून आज एसीएलच्या, म्हणजे गुडघ्याच्या आत हाडांना जोडून धरणाऱ्या दोरीसारख्या बंधाच्या, ऑपरेशनबद्दलच बोलतो. ऑपरेशन कसं करतात ते तुमचे सर्जन सांगतीलच. मला फिजिओथेरपिस्ट म्हणून काळजी असते ती घरी गेल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांची.

ऑपरेशनच्या वेळी भूलतज्ज्ञ बऱ्याचदा मांडीतल्या नसेजवळ इंजेक्शन देतात. त्याला ब्लॉक म्हणतात. त्याचा असर साधारण १२ ते २४ तास टिकतो. संध्याकाळी पेशंट मजेत असतो, 'काही दुखत नाही' म्हणून गोळी तशीच ठेवून देतो. रात्री ब्लॉक उतरतो आणि ठणका असा चढतो, की मग गोळी घेऊनही तळमळत पडावं लागतं. म्हणून सुरुवातीचे दोन-तीन दिवस लिहून दिलेल्या गोळ्या घड्याळ बघून घ्या, दुखायची वाट बघू नका. मात्र पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. दुखण्याच्या कितीतरी गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं. वर कणकण वाटते म्हणून आणखी एक घेतली, की मात्रा दुप्पट. मोठ्या माणसाला दिवसभरात सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर नाहीच, आणि डॉक्टरांनी कमी सांगितलं असेल तर तेवढंच. अल्सर किंवा किडनीचा त्रास असेल तर तो आधी सांगा.

'आमचा पोरगा खमका आहे, गोळीला हात लावत नाही,' असं कौतुकानं सांगणारे वडील भेटतात. मला ते ऐकून धास्ती वाटते. दुखलं की पोरगा गुडघा वाकवूनच ठेवणार. सूज आणि दुखण्यामुळे मांडीचा पुढचा स्नायू आवळेनासा होतो, आणि पहिल्या काही आठवड्यांत पूर्ण सरळ न झालेला गुडघा पुढे महिनोन्‌महिने छळतो. लंगडत चालणं तिथूनच सुरू होतं. गोळी झोपेसाठी आहेच, पण त्याहून जास्त व्यायामासाठी आहे. व्यायामाची वेळ गोळीनंतर अर्ध्या-पाऊण तासाची धरा.

आणि ती उशी! आई मायेनं गुडघ्याखाली सरकवते. आराम पडतो, खरं आहे, पण गुडघा वाकलेलाच राहतो. ती काढा आणि टाचेखाली घ्या, गुडघ्याची मागची बाजू अधांतरी राहू द्या. मग मांडी आवळून गुडघा खाली दाबा, पाच मोजा, सोडा. बर्फ पंचात गुंडाळून १५-२० मिनिटं ठेवा, थेट कातडीवर नको. ब्लॉक उतरलेला नसताना तर विशेष जपा, बधिर कातडीला इजा झालेली कळत नाही.

हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट असेल, म्हणजे नवा बंध मांडीच्या मागच्या स्नायूच्या दोरीपासून केला असेल, तर मांडीच्या मागे ओढ लागते, काळंनिळं होतं. ते हळूहळू ओसरतं. पोटरीचं मात्र वेगळं. ती एकाएकी दुखायला लागली, सुजली, गरम लागली, तर तेल लावून रगडू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर तडक हॉस्पिटल गाठा.