परिचारिका आपला विभाग कसा निवडतात

परिचर्येचे शिक्षण घेताना विद्यार्थ्यांना मेडिकल, सर्जिकल, प्रसूती, बालरोग, मानसोपचार अशा एकामागून एक विभागांत काम करावे लागते. बहुतेकांची पहिली आवड याच पोस्टिंगमध्ये तयार होते, आणि पुष्कळदा ती विभागापेक्षा तिथे भेटलेल्या माणसांमुळे तयार होते. हौसेने शिकवणारी इन्चार्ज सिस्टर मिळाली की तो वॉर्ड आपलासा वाटू लागतो, आणि गर्दीच्या दिवसांत कोणी धड बोललेच नाही, तर तोच वॉर्ड कायमचा मनातून उतरतो. म्हणूनच पोस्टिंगमधल्या आवडीवर लगेच शिक्कामोर्तब करू नये.

हृदय की मेंदू, लहान मुले की वृद्ध, असा आजारावरून किंवा वयावरून विचार करणारे पुष्कळ असतात. त्याआधी विचारावा असा एक प्रश्न आम्हाला अधिक मोलाचा वाटतो: रुग्णाचा आणि आपला सहवास किती वेळाचा असावा, आणि त्या वेळात कोणती काळजी आपल्याला रोज पेलवेल?

आपत्कालीन विभागात ट्रायाज करणारी परिचारिका श्वास, नाडी, रक्तदाब आणि शुद्ध पाहून, कोणाला आत्ता आत घ्यायचे आणि कोण थांबू शकेल, हे काही मिनिटांत ठरवते. रुग्ण वरच्या मजल्यावर गेला की त्याचे पुढे काय झाले, हे तिला बहुधा कळत नाही. ज्यांना ही अपुरी राहिलेली गोष्ट घरी गेल्यावरही सलत राहते, त्यांना डायलिसिस विभाग जवळचा वाटू शकतो. तिथे तेच रुग्ण साधारणपणे आठवड्यातून तीनदा, सुमारे चार-चार तासांसाठी येतात आणि हे वर्षानुवर्षे चालते. त्यांच्या हातावरच्या फिस्टुलावर (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागेवर) बोटे ठेवून परिचारिका रक्तप्रवाहाची थरथर तपासते, पायांवरची सूज पाहते, आणि पाणी जास्त प्यायले गेले आहे, हे रुग्णाने सांगण्याआधीच वजनकाट्यावरून ओळखते.

शस्त्रक्रियागृहात बहुतेक वेळा रुग्णाशी बोलणेच नसते, कारण तो भुलेखाली असतो. तिथली काळजी मोजण्यात आणि पुढचे ओळखण्यात दिसते. शस्त्रक्रिया सुरू होण्यापूर्वी स्क्रब नर्स, म्हणजे सर्जनच्या हातात उपकरणे देणारी परिचारिका, आणि तिची सहकारी स्पंज, सुया व उपकरणे मोठ्याने मोजतात. पोट शिवायला घेण्यापूर्वी पुन्हा मोजतात आणि त्वचा शिवतानाही मोजतात. एक स्पंज कमी भरला, तर शिवणे थांबते, टेबलाखाली आणि कचऱ्याच्या पिशव्यांत शोध होतो, तरीही सापडला नाही तर एक्स-रे काढला जातो. स्पंजमध्ये एक्स-रेवर दिसणारा धागा त्यासाठीच विणलेला असतो. ज्येष्ठ सर्जन घाई करत असतानाही ‘मोजणी जुळत नाही’ हे ठामपणे सांगता येणे, हा या विभागासाठी लागणारा स्वभाव आहे.

नवजात अतिदक्षता विभागातली काळजी वेगळीच. एक किलो वजनाच्या बाळाच्या शरीरात साधारण ८० ते १०० मिलिलीटर रक्त असते, म्हणजे तपासणीसाठी घेतलेला प्रत्येक मिलिलीटर हिशेबात धरावा लागतो, आणि औषधाच्या मात्रेत दशांश चिन्ह एक घर सरकले तरी जिवावर बेतू शकते. ज्यांना बाळे आवडतात त्यांना हा विभाग खुणावतो. तिथे टिकतात ते मात्र ही बारकाई मनापासून सांभाळणारे, आणि घाबरलेल्या आईवडिलांना तीच गोष्ट चौथ्यांदा तितक्याच शांतपणे समजावणारे.

काही विभाग तर कामाच्या गरजेतूनच जन्मले. १९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा श्वास घेऊ न शकणाऱ्या रुग्णांच्या फुप्फुसांत हाताने पिशवी दाबून हवा भरावी लागली आणि त्या अनुभवातून आधुनिक अतिदक्षता विभाग उभा राहिला. सिसिली साँडर्स आधी परिचारिका होत्या. पाठीच्या दुखण्यामुळे ते काम सोडावे लागले, तरी मरणासन्न रुग्णांच्या वेदनांचा विचार त्यांनी सोडला नाही. पुढे त्या डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये लंडनमध्ये त्यांनी सुरू केलेल्या सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिसमधून उपशामक सेवेला, म्हणजे गंभीर आजारातल्या रुग्णांच्या वेदना कमी करणाऱ्या सेवेला, आजचे रूप मिळाले.

प्रत्यक्षात पहिली नेमणूक अनेकदा जिथे जागा रिकामी आहे तिथे होते, आणि त्यात वाया जाण्यासारखे काही नाही. अमेरिकेतल्या परिचर्या-अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नवशिक्यापासून तज्ज्ञापर्यंतच्या पाच पायऱ्या मांडल्या. त्यांच्या मते एकाच प्रकारच्या परिस्थितीत दोन-तीन वर्षे काम केल्यावर परिचारिका कामात सक्षम होते. त्याच मांडणीनुसार विभाग बदलला की अनुभवी व्यक्तीही काही काळ नवशिकी ठरते. वॉर्ड गाजवलेल्या सिस्टरला अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरचा अलार्म समजून घेण्यासाठी तरुण सहकाऱ्याला विचारावे लागते, आणि हे अवघडलेपण सहन करण्याची तयारी असल्याशिवाय बदली मागू नये.

बदली मागण्यापूर्वी त्या विभागात एक पूर्ण रात्रपाळी निरीक्षक म्हणून काढण्याची परवानगी मिळाली, तर ती जरूर घ्यावी. एका परिचारिकेकडे किती रुग्ण असतात, नव्या माणसाला किती आठवडे अनुभवी जोडीदार दिला जातो, आणि रुग्ण दगावल्यानंतर तिथले लोक एकमेकांशी बोलतात की नाही, हे त्या रात्री इन्चार्जला आणि इतर सिस्टरांना विचारून घ्यावे.