राहायला जाण्यापूर्वी चियांग माई पाहताना

श्रोतेहो, नमस्कार.

निवृत्तीनंतरची काही वर्षे, किंवा घरबसल्या करता येणाऱ्या नोकरीच्या आधाराने आयुष्याचा एखादा टप्पा, थायलंडमध्ये काढावा असा विचार करणारी मराठी माणसे आता अधूनमधून भेटू लागली आहेत. बँकॉकची गर्दी नको आणि फुकेतची महागाईही नको, असे म्हणणाऱ्यांची नजर बहुधा उत्तरेकडच्या चियांग माईवर जाऊन स्थिरावते. बिऱ्हाड हलवण्याआधी हे शहर पाहायला जायचे, तर ते केव्हा पाहावे आणि त्यात काय पाहावे, एवढ्याच प्रश्नाविषयी आज मी बोलणार आहे. माझे मत प्रारंभीच सांगतो. चियांग माई त्याच्या सर्वांत वाईट महिन्यात पाहावे.

या म्हणण्यामागचे कारण शहराच्या देखणेपणातच आहे. राजा मंगराय याने १२९६ साली लान्ना राज्याची राजधानी म्हणून वसवलेले हे नगर आजही आपल्या चौकोनी खंदकाच्या आत ओळखू येते. या चौकोनाची एकेक बाजू सुमारे दीड किलोमीटरची आहे, आत गल्लोगल्ली विहारांची सोनेरी शिखरे दिसतात, आणि पश्चिमेला दोई सुथेप हा १,६७६ मीटर उंचीचा डोंगर उभा आहे. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात पहाटे अंगावर शाल घ्यावीशी वाटते, नोव्हेंबरच्या पौर्णिमेला यी पेंग या सणाचे कंदील आकाशात सोडले जातात, आणि दर रविवारी संध्याकाळी रात्चादमनोएन रस्ता वाहनांसाठी बंद होऊन त्यावर बाजार भरतो. त्या दिवसांतले चियांग माई म्हणजे कांदेपोह्यांच्या कार्यक्रमातले स्थळ होय. सगळे खरे असते, पण सगळे त्या दिवसापुरते आवरून ठेवलेले असते.

खरी ओळख होते ती फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंत. या काळात उत्तर थायलंडच्या डोंगरांत वणवे पेटतात, मक्याच्या शेतांतील धाटे जाळली जातात, आणि शेजारच्या म्यानमारमधून व लाओसमधून येणारा धूर त्यात मिसळतो. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटरवर, डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात वसलेले आहे. कोरड्या ऋतूत वरची हवा उबदार आणि खालची थंड राहिल्यामुळे धुराला वर जायला वाट मिळत नाही, आणि तो आठवडेच्या आठवडे खोऱ्यात कोंडून राहतो. २०१९, २०२३ आणि २०२४ या वर्षांच्या मार्च महिन्यात जगातील सर्वाधिक प्रदूषित हवेच्या मोठ्या शहरांच्या रोजच्या यादीत चियांग माई काही दिवस पहिल्या क्रमांकावर होते. पीएम २.५ या सूक्ष्म कणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम ठेवलेली आहे. थायलंड सरकारने जून २०२३ पासून आपली मर्यादा ५० वरून ३७.५ वर आणली, आणि धुराच्या दिवसांत चियांग माईचे आकडे शंभराच्या पलीकडे जातात. एरवी शहरातून कुठूनही दिसणारा दोई सुथेप त्या दिवसांत दिसेनासा होतो.

म्हणून पहिली फेरी मार्चमध्येच करावी, असे मी म्हणतो. चियांग माई विद्यापीठाने विकसित केलेल्या ‘डस्टबॉय’ या स्वस्त संवेदकांचे जाळे त्या भागात पसरलेले असून त्याचे आकडे कोणालाही मोबाईलवर पाहता येतात. सरकारच्या प्रदूषण नियंत्रण विभागाचे ‘एअर फोर थाई’ हे अॅपही आहे. मात्र आकड्यांपेक्षा स्वतःचे शरीर काय सांगते, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. ज्यांना दम्याचा त्रास आहे, ज्यांच्या हृदयावर उपचार झाले आहेत, किंवा ज्यांच्यासोबत लहान मूल आहे, त्यांनी हवा शुद्ध करणारे यंत्र लावलेल्या बंद खोलीत आठवडाभर राहून पाहावे, बाहेर पडताना एन ९५ मास्क वापरावा, आणि असे दोन-अडीच महिने दरवर्षी निभावता येतील का, याचा शांतपणे विचार करावा. तेथे स्थायिक झालेल्या परदेशी लोकांपैकी अनेकजण धुराच्या हंगामात दक्षिणेकडच्या समुद्रकिनारी किंवा मायदेशी जातात. हा मार्ग चांगला आहे, परंतु मग वर्षातील दोन महिन्यांचे दुसरे बिऱ्हाड खर्चाच्या हिशेबात आधीपासून धरावे लागते, आणि ‘चियांग माई स्वस्त आहे’ हे वाक्य तितकेसे स्वस्त राहत नाही.

दुसरी फेरी सप्टेंबरच्या अखेरीस करावी. शहराच्या पूर्वेकडून पिंग नदी वाहते, आणि ऑगस्ट-सप्टेंबर हे तेथील सर्वाधिक पावसाचे महिने आहेत. २०२४ मध्ये सप्टेंबरच्या अखेरीस आणि ऑक्टोबरच्या प्रारंभी नदीला लागोपाठ दोन मोठे पूर आले. नवरात पुलाजवळच्या मोजपट्टीवर ३.७० मीटर ही धोक्याची पातळी आहे. ऑक्टोबरमध्ये पाणी ५.३० मीटरपर्यंत चढले, आणि नाइट बाजार, चांग खलान रस्ता व नदीकाठच्या अनेक वस्त्या पाण्याखाली गेल्या. दलाल किंवा घरमालक हा विषय आपण होऊन काढणार नाही. इमारतीच्या तळमजल्यावरील भिंतींवर पाण्याची रेघ राहिलेली आहे का, विजेचे मीटर किती उंचीवर बसवले आहेत, आणि गाड्या उभ्या करण्याची जागा रस्त्यापेक्षा खाली आहे का, हे पाहिले म्हणजे न विचारता बरेच कळते. कोपऱ्यावरच्या नूडल्सवालीला विचारले, तर पाणी कोठपर्यंत आले होते हे ती हाताने दाखवून देते. त्यासाठी थाई भाषा यावी लागत नाही.

आता वस्त्यांविषयी. निम्मानहेमिन हा रस्ता आणि त्याच्या क्रमांक दिलेल्या गल्ल्या, ज्यांना सगळे नुसते ‘निम्मान’ म्हणतात, त्या कॉफीच्या दुकानांसाठी आणि लॅपटॉप घेऊन बसणाऱ्या तरुणांसाठी प्रसिद्ध आहेत. भाडेही तेथेच सर्वाधिक आहे. परंतु विमानतळ जुन्या शहरापासून चार-पाच किलोमीटरच्या आत, नैर्ऋत्येला आहे, त्याची धावपट्टी उत्तर-दक्षिण आहे, आणि त्यामुळे निम्मान व सुथेप रस्त्याचा परिसर विमानांच्या वाटेखाली येतो. दुपारी बारा वाजता सदनिका पाहणाऱ्याला हा आवाज कदाचित ऐकू येणारही नाही. तीच सदनिका संध्याकाळी आणि रात्री पुन्हा पाहावी. जुन्या शहराच्या उत्तरेचा सांतिथाम हा भाग स्थानिक लोकांचा, तुलनेने स्वस्त आणि माझ्या मते एकट्या माणसाला किंवा जोडप्याला राहण्यासाठी अधिक समंजस आहे. तेथे चालत बाजारात जाता येते आणि दुकाने पर्यटकांसाठी थाटलेली नाहीत. खंदकाच्या आतील घरे मोहक खरी, पण गल्ल्या अरुंद आहेत आणि १३ ते १५ एप्रिलच्या सोंगक्रानमध्ये, म्हणजे थाई नववर्षाच्या सणात, खंदकाभोवतीच्या जलयुद्धातून कोरड्या कपड्यांनी घरी पोहोचणे अशक्य असते. मुलांना आंतरराष्ट्रीय शाळेत घालायचे असेल, तर शहराबाहेरच्या हांग दोंग या भागाकडे पाहावे. मात्र तेथे स्वतःच्या वाहनावाचून पान हलत नाही.

वाहनाचा प्रश्न चियांग माईत सर्वांनाच भेडसावतो, कारण बँकॉकसारखी मेट्रो येथे नाही. लाल रंगाच्या सोंगथेव, म्हणजे मागे समोरासमोर दोन बाके असलेल्या छोट्या गाड्या, हात दाखवला की थांबतात. ग्रॅब आणि बोल्ट यांच्या गाड्याही मोबाईलवरून मिळतात. पाहणीच्या दिवसांत पर्यटकाप्रमाणे गाडी भाड्याने घेऊन फिरण्याऐवजी ज्या वस्तीत राहायचा विचार आहे तेथून रोजचा भाजीपाला, औषधाचे दुकान, बँक आणि इमिग्रेशन कचेरी यांच्याकडे याच साधनांनी जाऊन यावे. तेथे वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे आपल्याकडचा माणूस पहिल्याच दिवशी स्कूटर भाड्याने घेतो. दुचाकीची नोंद असलेला आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते, आणि तेथील खासगी रुग्णालयाचे बिल स्वतःच्या खिशातून भरावे लागते.

रुग्णालयांच्या बाबतीत शहर समृद्ध आहे. विद्यापीठाचे महाराज नाखोन चियांग माई रुग्णालय, ज्याला लोक सुआन डोक म्हणतात, हे उत्तर थायलंडमधील प्रमुख शिक्षण रुग्णालय आहे. खासगी क्षेत्रात चियांग माई राम आणि बँकॉक हॉस्पिटल ही नावे नेहमी घेतली जातात. पाहणीच्या फेरीतच एखादी रक्ततपासणी तेथे करून घ्यावी. इंग्रजीत बोलणे कितपत होते, वाट किती पाहावी लागते आणि बिल किती येते, याचा अंदाज माहितीपत्रकातून येत नाही. भारतात घेतलेल्या बहुतेक आरोग्य विम्यांत परदेशातील नेहमीचे उपचार धरलेले नसतात, आणि वयाच्या साठीनंतर तेथे नवा विमा घेणे महाग पडते. हा आकडा आधी काढावा, घरभाड्याचा नंतर.

शाकाहारी श्रोत्यांना दोन शब्द. खाओ सोय हा तेथील नूडल्सचा प्रसिद्ध रस्सेदार पदार्थ कोंबडीचा किंवा गोमांसाचा असतो, आणि वरवर निव्वळ भाजी दिसणाऱ्या पदार्थातही माशांपासून केलेले नाम प्ला हमखास पडलेले असते. ज्या दुकानावर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘जे’ असे लिहिलेले असते, तेथे मांस, मासे, अंडी, दूध यांच्यासह कांदा-लसूणही वर्ज्य असतो. आपल्या निवडलेल्या वस्तीपासून असे दुकान किती अंतरावर आहे, हे पाहून ठेवावे. घरी स्वयंपाक करणाऱ्यांसाठी वारोरोट आणि त्याच्या उत्तरेचा मुआंग माई हे बाजार उत्तम आहेत. भाज्या, फळे, नारळ, हळद, आले, सगळे ताजे मिळते; तूरडाळ आणि हिंग मात्र शोधावे लागतात. सदनिकेच्या बाबतीत एक गंमत अशी की अनेक छोट्या सदनिकांत ओटाच नसतो, कारण तेथील माणूस बाहेर खातो. कुकरच्या शिट्टीवाचून ज्यांचा दिवस उजाडत नाही, त्यांनी आधी ओटा पाहावा आणि मग खिडकीतून दिसणारा डोंगर.

भाड्याच्या व्यवहारात सामान्यतः दोन महिन्यांची अनामत आणि एका महिन्याचे भाडे आगाऊ घेतात. विजेचा दर अवश्य विचारावा. सरकारी दर युनिटला चार बाटच्या (बाट हे थायलंडचे चलन) आसपास असताना अनेक अपार्टमेंटमालक सात किंवा आठ बाट लावतात, आणि एप्रिलच्या उकाड्यात हा फरक चांगलाच जाणवतो. त्याहून महत्त्वाचा प्रश्न टीएम ३० या नोंदणीचा आहे. परदेशी माणूस राहायला आल्याची खबर घरमालकाने चोवीस तासांच्या आत इमिग्रेशनला द्यावी, असा तेथील कायदा आहे, आणि ती नोंद नसेल तर पुढे व्हिसाची मुदत वाढवताना भाडेकरूचीच अडचण होते. जो मालक हा विषय निघताच टाळाटाळ करतो, त्याची सदनिका कितीही हवेशीर असली तरी सोडून द्यावी.

व्हिसाचे नियम वारंवार बदलतात, म्हणून मी थोडक्यात सांगतो. १५ जुलै २०२४ पासून भारतीयांना व्हिसाशिवाय ६० दिवस राहण्याची सवलत देण्यात आली. ती कमी करण्याचा विचार तेथील सरकारात झालेला असल्यामुळे तिकीट काढण्यापूर्वी ताजा नियम पाहावा. १ मे २०२५ पासून आगमनाचे डिजिटल कार्ड आधी भरावे लागते. निवृत्तांसाठीच्या वास्तव्याला वयाची ५० वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि थाई बँकेत आठ लाख बाट किंवा दरमहा ६५,००० बाटचे उत्पन्न दाखवावे लागते. त्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. परदेशी कंपनीचे काम दुरून करणाऱ्यांसाठी जुलै २०२४ मध्ये पाच वर्षांचा डीटीव्ही व्हिसा सुरू झाला, त्याला पाच लाख बाटची शिल्लक लागते. वर्षात १८० दिवस किंवा अधिक राहिलेला माणूस तेथे करासाठी रहिवासी ठरतो, आणि २०२४ पासून त्याने बाहेरून आणलेल्या उत्पन्नावर कर लागू शकतो. पेन्शन आणि भाडे भारतातून नेणाऱ्यांनी या मुद्द्यावर जाण्यापूर्वीच दोन्ही देशांचे कायदे जाणणाऱ्या सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा. चियांग माईत भारताचा वाणिज्य दूतावास आहे, ही सोय पासपोर्टच्या कामांसाठी मोठी आहे. नाहीतर प्रत्येक कागदासाठी सातशे किलोमीटरवरचे बँकॉक गाठावे लागले असते.

राहता राहिला घर विकत घेण्याचा प्रश्न. परदेशी माणसाला तेथे जमीन घेता येत नाही. कॉन्डोमिनियमच्या एका इमारतीतील एकूण क्षेत्रफळाच्या ४९ टक्क्यांपर्यंतच्या सदनिका परदेशी लोकांच्या नावावर होऊ शकतात. २८ मार्च २०२५ रोजी म्यानमारमध्ये झालेल्या भूकंपाचे हादरे चियांग माईच्या उंच इमारतींनाही बसले, तेव्हा इमारतीची त्यानंतर तपासणी झाली का आणि तिचा अहवाल दाखवता येईल का, हेही आता विचारावे लागते. पहिल्या दोन फेऱ्यांत खरेदीची बोलणी करूच नयेत. वर्षभराचा भाडेकरार करावा, त्यात एक मार्च आणि एक सप्टेंबर येऊ द्यावा, आणि तोपर्यंत इकडचे राहते घर विकायला काढू नये. नमस्कार.