मुंग्यांमागची राधिका वागले

(मालवणातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि एवढ्या पावसातून आलेल्या मंडळींनो, नमस्कार. बाहेरच्या फळ्यावर विषय लिहिलाय, ‘भारती आचरेकर : जीवन आणि कारकीर्द’. तो वाचून जिन्यातच दोघांनी मला अडवलं. “आमच्या आचऱ्याची मां ती?” आडनाव तुमच्या गावाचं, खरंच. पण गळा आहे तो गायिका माणिक वर्मांच्या घरातला. त्याकडे येतोच. आधी मला आमच्या ओटीवरचा टीव्ही सांगू द्या. विनोदी नटी आधी ऐकायची असते आणि मग बघायची, हे मी त्या टीव्हीसमोर शिकलो.

१९८८ साली दूरदर्शनवर ‘वागले की दुनिया’ ही मालिका लागली तेव्हा मी नववीत होतो. वाडीत टीव्ही एकच, आमचा. ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी शटरचा. अँटेना माडाशेजारी बांबूवर. समुद्राकडून वारा उठला की अँटेना फिरायची आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग धाकटा भाऊ खळ्यात बांबू धरून उभा, मी खिडकीत, आणि आत पंधरा माणसं एकदम हुकूम सोडणार. “थोडो गोव्याकडे!” “खूप झाला, मागे घे!” “इला, इला!” चित्र आलं म्हणून त्यानं हात काढला की पुन्हा मुंग्या. म्हणजे तो धरून उभा राहील तोवर आम्हाला वागले दिसणार आणि त्याला बिचाऱ्याला डास चावणार. (तुमच्यातलेही बरेच जण बांबू धरून उभे राहिलेले दिसतात. हात वर करू नका, हसण्यावरून कळलं.)

एके दिवशी काही केल्या चित्र येईना. मी बंद करायला उठलो तर थोरली काकी म्हणाली, “दिसाक नाय तर नाय. आयकाक येता मां? ऱ्हवांदे.” काकी आडाळ्यावर बसून नारळ खवत होती. तिला हिंदी धड येत नव्हतं. आणि मला त्या दिवशी एक गोष्ट ऐकू आली, ती आजही कानात आहे. वागले बोलत होता तोवर खोबऱ्याची खर्र खर्र चालू. वागलेची बायको राधिका, म्हणजे आपल्या भारतीबाई, बोलायच्या बेताला आली की खर्र खर्र थांबायची. बोलल्यावर नव्हे, बोलायच्या आधी. नवऱ्याचं रडगाणं संपलं आणि बायकोनं तोंड उघडलं, यांच्या मधे जी इवलीशी जागा असते, तिथे काकीचा हात थांबत होता. मग राधिकेचे दोन शब्द, आणि मुंग्यांकडे बघत अख्खी ओटी हसली. मी काकीला विचारलं, तुला काय कळलं? तर म्हणाली, “घोव काय बोलतलो तां तिका आधीच ठाऊक आसा. तरी ती आयकता.”

भारतीबाईंच्या अभिनयावर याहून नेमकं बोललेलं मी कुठेही वाचलेलं नाही.

दशावतार रात्र रात्र बघणाऱ्या तुम्हा लोकांना हे वेगळं सांगायला नको. आपल्याकडे लिहिलेली संहिता नसते. समोरचा काय बोलतो ते कान देऊन ऐकल्याशिवाय उत्तर सुचत नाही. संकासुर, आपला विनोदी राक्षस, हशा घेतो, पण त्याला तो पुरवतो कोण? समोर उभं राहून ऐकणारा. आणि आपला स्त्रीपार्टी घ्या. पुरुष लुगडं नेसून येतो, पण लुगडं नेसलाय म्हणून कोणी हसत नाही. हरिश्चंद्राची तारामती रडली की आपणही रडतो. हल्ली टीव्हीवर मात्र पुरुषानं साडी नेसली की तेवढाच विनोद, आणि खऱ्या बाईनं शेजारी उभं राहून नाक मुरडायचं. मला याचा राग येतो. इतक्या ताकदीच्या बायका हाताशी असताना त्यांना ऐकायलासुद्धा काही देत नाहीत.

चिठ्ठी आली. आचऱ्याची शेवटची गाडी चुकायला नको, म्हणून आता भराभर सांगतो.

माणिक वर्मा किराणा घराण्याच्या. हिराबाई बडोदेकर आणि सुरेशबाबू माने यांच्याकडे शिकलेल्या. १९७४ ची पद्मश्री. त्यांच्या चार मुलींपैकी एक भारती, दुसरी तुमच्या ओळखीची वंदना गुप्ते. किराणा घराणं म्हणजे स्वर कसा लावायचा आणि कुठे थांबायचं याची शिस्त. त्या घरात वाढलेल्या मुलीला विनोदातली जागा सापडली याचं मला नवल वाटत नाही.

‘वागले’ दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सची, दिग्दर्शक कुंदन शाह, पात्रं आर. के. लक्ष्मण यांची. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन कधी तोंड उघडत नाही, बोलते ती त्याची बायको! अंजन श्रीवास्तव यांचा वागले मोठाच, त्याबद्दल वाद नाही. पण आज मालिकेचं नाव काढलं की लोक सांगतात, एका भागात शाहरुख खान होता. अहो, होता! राधिका प्रत्येक आठवड्याला त्या स्वयंपाकघरात होती. २०२१ मध्ये सोनी सबवर मालिका नव्यानं आली. मुलगा झाला सुमीत राघवन, आणि वागले-राधिका तेच दोघे, तेहेतीस वर्षांनी.

मधे २०१३ चा ‘द लंचबॉक्स’. त्यात भारतीबाई नायिकेच्या वर राहणाऱ्या देशपांडे आंटी आहेत आणि पूर्ण चित्रपटात एकदाही दिसत नाहीत. वरच्या मजल्यावरून आवाज येतो, दोरीला बांधलेली टोपली खाली येते, बस. त्यांचा नवरा कोमात आहे, छताच्या पंख्याकडे बघत पडलेला. म्हणून पंखा चालू ठेवूनच पुसला, हे आंटी सांगतात ते मसाल्याचं प्रमाण सांगावं तशाच आवाजात. मी थिएटरात बसलो होतो आणि मला आमच्या ओटीवरच्या मुंग्या दिसत होत्या. खर्र खर्र थांबलेली ऐकू येत होती.

आता ‘वागले’चा एक जुना भाग लावतो, दहाच मिनिटं. प्रोजेक्टरच्या भिंगावर तो टॉवेल टाका जरा. हो, मुद्दाम. आवाज पूर्ण वाढवा.