'आधार लिंक नाही' म्हणजे नेमकं काय नाही?

(दृश्य: तहसील कार्यालयाची खिडकी. परत आलेला अर्ज. वरच्या कोपऱ्यात निळ्या पेनानं मारलेला शेरा.)

"आधार लिंक नाही." एवढाच शेरा. खाली सही नाही, तारीख नाही.

अर्ज संजय गांधी निराधार योजनेचा असो, श्रावणबाळचा असो, नाहीतर रेशनकार्डात सुनेचं नाव चढवायचा असो, शेरा हाच. माणूस तो घेऊन बँकेत जातो. बँकेतला कारकून स्क्रीनवर बघतो आणि म्हणतो, "अहो, तुमचं लिंक आहे की." माणूस परत तहसीलला. पंचाईत अशी, की दोघंही खरं बोलत असतात. 'लिंक' या शब्दात चार वेगवेगळे दोष लपतात आणि प्रत्येकाची दुरुस्ती वेगळ्या दारात होते. कुठलं दार आपलं, हे न कळल्यानं हेलपाटे पडतात.

(दृश्य: आधार नोंदणीची पावती, जवळून.)

आधी हक्काचं बोलू. सरकारी लाभासाठी हा क्रमांक मागण्याचा अधिकार येतो आधार कायदा, २०१६ च्या कलम ७ मधून. केंद्राच्या तिजोरीतून मिळणाऱ्या लाभांसाठी ही अट घालता येते. २०१९ च्या दुरुस्तीनं ती राज्याच्या तिजोरीलाही लागू झाली. सर्वोच्च न्यायालयानं २६ सप्टेंबर २०१८ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमतानं हे कलम कायम ठेवलं. पण याच कलमाला एक पुस्ती जोडलेली आहे आणि खिडकीवर ती कुणी वाचून दाखवत नाही: ज्याला अजून क्रमांक मिळालेला नाही, त्याला ओळख पटवण्याचा दुसरा, जमण्यासारखा मार्ग द्यायचा.

व्यवहारात तो मार्ग असा. आधी आधार केंद्रात नोंदणी करायची. पहिली नोंदणी फुकट असते. पावती मिळते. ती पावती आणि मतदार ओळखपत्रासारखं दुसरं सरकारी ओळखपत्र, दोन्ही जोडून अर्ज करायचा. पावती नीट बघा. वर १४ आकडी नोंदणी क्रमांक आहे. त्याच्याशेजारी तारीख आणि वेळ छापलेली आहे, सेकंदापर्यंत. तेही १४ आकडे. दोन्ही मिळून २८ आकडी ईआयडी, म्हणजे नोंदणीचा पूर्ण क्रमांक होतो. बरेच जण फक्त पहिले १४ आकडे उतरवून घेतात आणि मग संकेतस्थळ "माहिती सापडली नाही" म्हणतं. पावतीची शाई उन्हात उडते, म्हणून त्याच दिवशी फोटो काढून ठेवा. अठरा वर्षांवरच्या माणसाची पहिलीच नोंदणी असेल, तर राज्य सरकारच्या यंत्रणेकडून पडताळणी होते आणि त्याला वेळ लागतो. त्या काळात हा कागदच तुमचा आधार.

लहान मुलांबाबत निकाल स्पष्ट आहे. आधार नाही म्हणून कुठल्याही मुलाचा लाभ अडवता येत नाही.

(दृश्य: सेतू केंद्रातला कीबोर्ड. बोटं आकडे टाइप करतायत.)

आता पहिला दोष, सगळ्यांत साधा. क्रमांकच चुकीचा.

आधारचा क्रमांक बारा आकडी असतो आणि तो शून्यानं किंवा एकानं कधीच सुरू होत नाही. घोटाळा असा, की रेशनकार्डाचा ऑनलाइन क्रमांकही बारा आकडी, ई-श्रम कार्डावरचा यूएएनही बारा आकडी आणि भविष्य निर्वाह निधीचा यूएएनही बाराच आकडी. एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ही सगळी कार्डं असली की भलताच क्रमांक फॉर्मवर जातो.

टाइप करताना झालेली चूक मात्र बहुतेक वेळा तिथेच पकडली जाते. आधारचा बारावा आकडा हा तपासणी-अंक आहे. आधीच्या अकरा आकड्यांवरून तो काढलेला असतो. पद्धत डच गणिती याकोबस वेरहूफ यांची, १९६९ सालची. एक आकडा चुकला किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, म्हणजे ४७१८ ऐवजी ४१७८ पडलं, की हिशेब जुळत नाही आणि फॉर्म पुढे सरकत नाही.

पण या हिशेबाला एवढंच कळतं, की असा क्रमांक असू शकतो. तो कुणाचा, ते त्याला कळत नाही. रेशनकार्डात सासूच्या नावापुढे सुनेचा आणि सुनेच्या नावापुढे सासूचा क्रमांक पडला, तर दोन्ही क्रमांक तपासणीत पास होतात. चूक वर येते ती कित्येक महिन्यांनी, सासूबाई रेशन दुकानातल्या पॉस मशीनवर अंगठा ठेवतात तेव्हा.

(दृश्य: तीन कागद शेजारी शेजारी: आधार, पासबुक, रेशनकार्ड. नावांवर कॅमेरा.)

दुसरा दोष नावाचा आणि जन्मतारखेचा, आणि आपल्याकडे तो फार.

आपल्याकडे नाव तीन भागांचं. आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं, रेशनकार्डावर नावाआधी 'सौ.' आणि आडनाव अगोदर. त्यात रोमन लिपीतली अक्षरं. लक्ष्मी एका कागदावर 'एक्स' घालून लिहिलेली, तर दुसऱ्यावर 'के-एस-एच' घालून. माणसाला ते एकच नाव वाटतं, संगणकाला दोन बायका दिसतात. लग्नानंतरच्या बदलासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र चालतं. मात्र आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. म्हणून घाईनं आधार बदलायला धावू नका. आधी बघा, की तीन कागदांपैकी बहुमत कुणाकडे आहे. पासबुक आणि रेशनकार्ड दुरुस्त करणं पुष्कळदा सोपं पडतं, आणि आधारची ती मोजकी संधी शिल्लक राहते.

जन्मतारखेचं दुखणं वयस्कर माणसांचं. नोंदणी शिबिरात कागद नव्हता, तोंडानं वय सांगितलं, ऑपरेटरनं अंदाजे साल टाकलं. कार्डावर मग नुसतं साल येतं, नाहीतर १ जानेवारी. शाळेच्या दाखल्यावर १ जून असणारी अख्खी पिढी आपल्याकडे आहेच. गुरुजींनी शाळेत नाव घालताना दिलेला तो वाढदिवस. आता श्रावणबाळ योजनेला ६५ वर्षं पूर्ण लागतात. ज्या आजोबांचं वय शिबिरात चार वर्षांनी कमी पडलं, त्यांना चार वर्षं थांबावं लागतं. खरं तर आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, हे आधार प्राधिकरणानं स्वतःच सांगितलेलं आहे. तरी खिडकीवरचा संगणक आधारवरचीच तारीख उचलतो. अशा वेळी शाळेचा दाखला किंवा जन्माचा दाखला मिळवून ती एकमेव दुरुस्ती वापरून टाकावी, जपून ठेवण्यात अर्थ नाही.

(दृश्य: रेशन दुकान. पॉस मशीनच्या काचेवर सुरकुतलेला अंगठा. यंत्राचा नकाराचा आवाज.)

तिसरा: "मशीन अंगठा घेत नाही."

बोटावरच्या रेषा झिजतात. विडी वळणारे हात, सिमेंट कालवणारे, भांडी घासणारे, ऊस तोडणारे, या सगळ्यांच्या रेषा सपाट होतात. म्हातारपणी कातडी कोरडी पडते आणि काचेवर ठसा उमटतच नाही. आधी काच पुसायला सांगा. निम्म्या वेळा आधीच्या दहा जणांचा घामच आडवा येत असतो. हात साबणानं धुऊन पुसा. फार कोरडे असतील तर ओल्या फडक्यावर टेकवून घ्या. अंगठाच हवा असा नियम नाही. नोंदणीत दहाही बोटं घेतलेली असतात, त्यामुळे तर्जनी, अनामिका, कुठलंही बोट चालतं. एकदा कुठलं बोट लागतं ते सापडलं की दर महिन्याला तेच द्यायचं.

तरी नकार आला, तर यंत्रावरचा तीन आकडी कोड बघा. दुकानदाराला पडदा आपल्याकडे फिरवायला सांगायला संकोच कसला? ३०० म्हणजे ठसा जुळला नाही. ३३० म्हणजे ठसे कुलूपबंद आहेत. घरातल्या कुणीतरी सुरक्षेसाठी मोबाइलमधून लॉक लावलं आणि विसरून गेलं. १०० म्हणजे नाव किंवा जन्मतारीख जुळत नाही, म्हणजे दुखणं बोटाचं नव्हतंच. ९९८ म्हणजे क्रमांक चुकीचा. ९९७ म्हणजे आधार निष्क्रिय झालंय. हा कोड आला तर बोटं घासून उपयोग नाही, आधार केंद्रच गाठायला हवं.

बोटानं जमत नसेल तर डोळ्याची बुबुळं किंवा मोबाइलवर ओटीपी. ओटीपी येतो तो आधारला जोडलेल्या मोबाइलवरच, आणि तो नंबर कधीचा बंद झालेला असतो. नवा नंबर जोडायला आधार केंद्रात एकही कागदपत्र लागत नाही, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. आणि काहीच चाललं नाही, तर प्राधिकरणाचं २४ ऑक्टोबर २०१७ चं परिपत्रक आहे: यंत्र नाही म्हणालं, नेटवर्क गेलं, तरी खऱ्या लाभार्थ्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, वहीत अपवाद म्हणून नोंद करायची आणि धान्य द्यायचं.

लाडकी बहीण योजनेच्या २०२५ च्या ई-केवायसीत, म्हणजे ऑनलाइन ओळख-पडताळणीत, आणखी एक गाठ पडली. बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांकही मागितला गेला. नवरा कामासाठी परगावी आणि ओटीपी त्याच्या फोनवर, की खोळंबा ठरलेला.

(दृश्य: पासबुक छापणारं यंत्र. एकेक ओळ छापली जातेय. शेवटच्या चार महिन्यांत जमा काहीच नाही.)

आणि आता चौथा, ज्याच्यामुळे तहसील आणि बँक दोघंही खरं बोलत असतात.

अर्ज मंजूर झाला, यादीत नाव आलं, दरमहा १,५०० रुपये निघाले. पासबुकात मात्र शून्य. कुठं गेले?

संजय गांधी आणि श्रावणबाळचे पैसे डिसेंबर २०२४ पासून थेट हस्तांतरणानं, म्हणजे डीबीटीनं येतात. लोकांची समजूत अशी, की अर्जावर खाते क्रमांक लिहिला म्हणजे पैसे त्या खात्यात पडणार. आधारवर आधारित डीबीटीत पैशाच्या प्रवासाला तो खाते क्रमांक लागतच नाही. सरकारकडून जाणाऱ्या फाइलमध्ये असतो आधार क्रमांक आणि रक्कम. ती फाइल पोचते भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाकडे, सगळे ज्याला एनपीसीआय म्हणतात. तिथे एक भली मोठी यादी आहे, तिचं नाव मॅपर. त्यात प्रत्येक आधारपुढे एकाच बँकेचं नाव लिहिलेलं असतं. खातं नाही, फक्त बँक. पैसे त्या बँकेकडे जातात आणि बँक आपल्या नोंदीत बघून ते खात्यात टाकते.

आता तो कारकून आठवा. त्याच्या स्क्रीनवर दिसतं, की केवायसीसाठी तुमचा आधार क्रमांक खात्याला जोडलाय. त्याच्यासाठी ते लिंक. तहसीलच्या पोर्टलला दिसतं, की मॅपरमध्ये बँक नाही किंवा दुसरीच आहे. त्यांच्यासाठी ते लिंक नाही. केवायसीची जोडणी निराळी, मॅपरमधली नोंद निराळी. या दुसरीला सीडिंग म्हणतात आणि ती खातेदाराच्या लेखी संमतीनंच होते. बँकेत जाऊन "आधार लिंक करा" म्हणालात तर पहिलीच होण्याची शक्यता जास्त. "डीबीटीसाठी एनपीसीआय सीडिंग करा" असं म्हणा.

मॅपरमध्ये शेवटचं नाव टिकतं. कुणीतरी मोबाइलच्या दुकानात पेमेंट बँकेचं खातं उघडून दिलं, घाईत एका चौकोनावर टिचकी पडली, आणि त्या दिवसापासून निराधारचे पैसे त्या खात्यात वळले. असे पैसे बुडालेले नसतात, तिथे साठलेले असतात. आधी ते काढून घ्या आणि मगच बँक बदला. दुसरा नमुना: जुनं खातं बंद केलं, पण मॅपरमधून नाव काढलंच नाही. हप्ता त्या बँकेच्या दारावर जातो, 'खातं बंद' म्हणून परत फिरतो.

(दृश्य: मोबाइलचा पडदा. माय आधार संकेतस्थळ.)

बघायचं कसं? माय आधार संकेतस्थळावर क्रमांक आणि ओटीपी टाकून आत जा आणि बँक सीडिंग स्टेटस उघडा. तिथे बँकेचं नाव, सक्रिय की निष्क्रिय, आणि शेवटचा बदल कधी झाला, एवढं दिसतं. खाते क्रमांक दिसत नाही, तो शोधू नका. नाव चुकीच्या बँकेचं असेल, तर ज्या बँकेत पैसे हवेत तिथला संमतीचा फॉर्म भरा. त्यात आधीच्या बँकेचं नाव विचारणारा रकाना आहे. आधी दुसरी बँक असेल, तर तो रिकामा ठेवू नका. सीडिंग अडतं ते बहुधा तिथेच. आठवड्याभरानं स्टेटस परत बघा, नुसत्या तोंडी "झालं" वर विसंबू नका.

जनधनचं खातं पुऱ्या केवायसीशिवाय, छोटं खातं म्हणून उघडलं असेल तर आणखी एक कुंपण आहे: वर्षाला एकूण १ लाख रुपयेच जमा होऊ शकतात आणि शिल्लक ५० हजारांवर जाऊ शकत नाही. सरकारी अनुदान जमा होताना शिल्लकीची मर्यादा धरत नाहीत, त्यामुळे निराधारच्या अनुदानाला हे नडत नाही. त्याच खात्यात मुलीची मोठी शिष्यवृत्ती किंवा घरकुलाचे हप्ते आले, तर वर्षाची १ लाखाची मर्यादा नडू शकते.

(दृश्य: झेरॉक्सचं दुकान. आधारच्या प्रतींचा गठ्ठा.)

झेरॉक्स देताना प्रतीवर योजनेचं नाव आणि तारीख आडवी लिहा. जिथे चालतं तिथे फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. लाभार्थ्यांची यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली आणि नावांपुढे पूर्ण आधार क्रमांक छापले असतील, तर हरकत घ्या. कायदा ते उघड करू देत नाही. आधारची तक्रार १९४७ या नंबरवर मराठीतही करता येते, तेव्हा २८ आकडी ईआयडी किंवा दुरुस्तीच्या पावतीवरचा यूआरएन, म्हणजे दुरुस्तीच्या विनंतीचा क्रमांक, हाताशी ठेवा.

(दृश्य: खिडकी पुन्हा. कागदावर गोल शिक्का बसतो.)

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक आत द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. "आधार लिंक नाही" म्हणाले तर विचारा: क्रमांक चुकलाय, नाव जुळत नाही, अंगठा नाकारलाय, की सीडिंग नाही? आणि जे उत्तर येईल ते त्याच प्रतीवर, आवक क्रमांकाखाली, लिहून मागा.