चाक फिरतंय, गाडी हलत नाही

[दृश्य : निफाड तालुका, जुलै महिना. द्राक्षबागेच्या बांधाला ट्रॅक्टर, मागचं एक चाक काळ्या चिखलात अर्धं रुतलेलं.]

बघा, हे चाक गरगर फिरतंय, चिखल पार कॅमेऱ्यापर्यंत उडालाय, आणि पलीकडचं चाक मात्र ढिम्म, त्याच्याखाली चांगला मुरूम आहे तरी. म्हणजे ज्याच्याखाली पकड आहे ते गप्प बसलंय आणि ज्याच्याखाली नाही ते जीव तोडून पळतंय. तुम्ही म्हणाल व्हिडिओ बर्फातल्या गाडीचा आणि हा चिखल कशाला दाखवतोय, तर थांबा जरा, तिकडेच चाललोय.

नाशिककराला बर्फ माहीत असतो तो रसवंतीतला, नाहीतर गोळ्याच्या गाडीवरचा. निफाडला थंडीत पारा दोन-तीन अंशांवर येतो, बागेत शेकोट्या पेटतात, पण रस्ता पांढरा झालेला काही कोणी बघितलेला नाही. त्यामुळे आम्ही तिघं मित्र जानेवारीत गाडी घेऊन मनालीला निघालो, साधारण 1,800 किलोमीटर, तेव्हा डिकीत चिवडा होता, स्वेटर होते, मफलर होते, आणि बर्फात गाडी कशी चालवायची ती अक्कल तेवढी घरी राहिली होती.

[दृश्य : मोबाईलवरचं शूटिंग, हात हलतोय. सोलंगच्या पुढचा चढ.]

अटल टनेल 3 ऑक्टोबर 2020 ला सुरू झालं, 9.02 किलोमीटरचं, त्यामुळे आता रोहतांगची खिंड न चढता सरळ पलीकडच्या लाहौल खोऱ्यात उतरता येतं. पण टनेलच्या तोंडापर्यंतचा रस्ता उघड्यावरच ना! बर्फ जोरात पडला की पोलीस फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना जोर मिळणाऱ्या, किंवा चाकांना साखळी लावलेल्या गाड्याच वर सोडतात. आम्ही गेलो तेव्हा ऊन होतं, अडवलं कोणी नाही, आणि सावलीतल्या एका वळणावर पुढची गाडी चढाला थांबली म्हणून आम्हीही थांबलो. तिथंच वाट लागली.

क्लच सोडला, रेस दिली, तर इंजिनचा आवाज वाढायच्या ऐवजी दबला. अजून दाबलं, अजून दबला. समोर पिवळा दिवा लुकलुकतोय, गाडीचं चित्र आणि खाली दोन नागमोडी रेघा, आणि पायाखालून करकर करकर, जात्यात खडे पडावेत तसं. मित्र म्हणाला, "गेलं रे, इंजिन गेलं", आणि मोबाईलला रेंज शोधायला लागला.

इंजिन गेलं नव्हतं. गाडी मुद्दाम तसं करत होती, यालाच ट्रॅक्शन कंट्रोल म्हणतात.

आता परत त्या ट्रॅक्टरकडे या. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर पळावं लागतं म्हणून दोन चाकांच्या मध्ये डिफरेन्शियल बसवलेलं असतं, दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची पेटी. ते दोन्हीकडे सारखाच जोर वाटतं, आणि घोळ तिथंच आहे. एक चाक निसरड्यावर गेलं की त्याला फिरायला जोर लागतच नाही, मग दुसऱ्यालाही तेवढाच मिळतो, म्हणजे जवळपास काहीच नाही. यावर माझ्या मामाची युक्ती बघा.

[दृश्य : ट्रॅक्टरचे दोन ब्रेक पेडल, जवळून. डावं, उजवं, मधली जोडपट्टी उचललेली.]

ट्रॅक्टरला मागच्या दोन चाकांचे ब्रेक वेगवेगळे असतात, रोडला लागलं की ही पट्टी टाकून एकत्र जोडायचे. मामा काय करतो, पट्टी उचलतो, फिरणाऱ्या चाकाचाच ब्रेक हळू दाबतो, त्या चाकाला जोर लागायला लागला की तेवढाच जोर पलीकडच्यालाही जातो, ते मुरमात चावतं आणि ट्रॅक्टर बाहेर. दोन्ही चाकं एकत्र जखडणाऱ्या डिफरेन्शियल लॉकचं पेडलही आहे पायाशी, पण मामाला हेच आवडतं.

कारमध्ये हेच काम कॉम्प्युटर करतो. प्रत्येक चाकाजवळ एबीएसचा, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, सेन्सर असतो, कुठलं चाक बाकीच्यांपेक्षा जोरात फिरतंय ते त्याला लगेच कळतं, मग एकतर इंजिनचा जोर कापायचा, नाहीतर तेवढ्याच चाकाला टिचक्या मारल्यासारखा ब्रेक लावायचा, बऱ्याच गाड्या दोन्ही करतात. ती करकर त्याच ब्रेकच्या पंपाची आणि व्हॉल्व्हची. गंमत म्हणजे हे सगळं ज्या एबीएसवर उभंय ते बॉशने 1978 मध्ये मर्सिडीजच्या एस क्लासला दिलं, आणि बॉश म्हणजे आपल्या नाशिकच्या सातपूरची जुनी मायको. इथं काम डिझेलच्या नॉझल-इंजेक्टरचं, ब्रेकचं नाही, पण 2008 मध्ये कंपनीचं नाव बदललं तरी रिक्षावाला अजून मायको सर्कलच म्हणतो. आपल्याकडे एप्रिल 2019 पासून नव्या कारला एबीएस सक्तीचं आहे, ट्रॅक्शन कंट्रोल मात्र सगळ्यांत नसतं, घेताना विचारा.

मग आमची गाडी का हलत नव्हती? पुढची दोन्ही चाकं भुसभुशीत बर्फात, दोन्ही घसरतायत, त्यामुळे कॉम्प्युटर जोर कापत सुटला, इतका की चढाला काही उरलाच नाही. मागच्या टॅक्सीतून एक हिमाचली ड्रायव्हर उतरला, कपाळावर आठ्या, म्हणाला, "रेस मत दो भैया." त्याने फावड्याने बर्फ बाजूला केला, रस्त्याकडेची खडी ओढून चाकांपुढे टाकली, डॅशबोर्डवरचं बटन दाबून धरायला लावलं, ट्रॅक्शन कंट्रोल बंद, सेकंड गिअर, अर्धा क्लच. चाक थोडं फिरलं, वरचा भुसा खरवडला गेला, खाली खडी लागली, गाडी उचलली. वीस पावलं पुढे गेल्यावर मागून ओरडला, "अब ऑन कर दो!"

हे ऑन-ऑफ नीट समजून घ्या, नाहीतर लोक बटन बंद करून शायनिंग मारत फिरतात. भुसभुशीत बर्फातून निघण्यापुरतं बंद. काचेसारखा कडक बर्फ असेल तर चाक जितकं फिरवाल तितका तो वितळून अजून गुळगुळीत होतो, तिथं बंद करून फायदा शून्य.

आणि उतारावर? तिथं ट्रॅक्शन कंट्रोल तुम्हाला थांबवत नाही, ते फक्त रेस देताना. 40 च्या स्पीडने जाताना कोरड्या डांबरावर गाडी ब्रेक मारल्यापासून साधारण 8 मीटरमध्ये थांबते, दाबलेल्या बर्फावर 30 मीटर लागतात, कडक बर्फावर 60 च्या वर. परतताना आम्ही भाड्याच्या साखळ्या लावल्या, पुढच्या चाकांना, कारण आमची गाडी पुढची चाकं ओढतात, आणि फर्स्ट गिअरमध्ये बैलगाडीसारखे खाली आलो.

[दृश्य : मामाचं अंगण, संध्याकाळ. मामाच्या हातात मोबाईल.]

घरी आल्यावर मामाला तो मनालीचा व्हिडिओ दाखवला. त्याने पूर्ण बघितला, परत मागे घेतला, फिरणाऱ्या चाकावर थांबवला, बोटांनी मोठा केला.

"हे टायर कधी बदलले होते रे?"

तिघंही एकमेकांकडे बघायला लागलो.