दोन उसणींच्या मधले महिने

[दृश्य: जिन्यालगतचं दार, उंबऱ्याबाहेर दुधाच्या दोन पिशव्या]

दुधाची पिशवी अर्ध्या लिटरची. ती उचलायला माणूस वाकतो आणि कमरेत उसण भरते. मग आठवडाभर शेक, मलम, गोळ्या. दहाव्या दिवशी कंबर मोकळी होते, व्यायामाचा कागद फ्रिजवर चुंबकाखाली अडकून राहतो, आणि सहा-आठ महिन्यांनी पुन्हा तीच उसण, त्याच जागी. दुखत असताना कंबर सगळेच जपतात. काम करायचं असतं ते दुखत नसताना, मधल्या त्या महिन्यांत.

आधी एक भीती दूर करू. एमआरआयच्या कागदावर दोन मणक्यांमधली चकती झिजल्याचं वाचलं, की घरात ‘मणक्यात गॅप पडलाय’ ही बोलणी सुरू होतात आणि माणूस वाकणं, चालणं, नातवंडाला उचलणं सगळंच सोडून देतो. कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांच्या अशा तपासण्यांचा एकत्रित अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. दुखणं त्यांना नव्हतंच. तेव्हा त्या कागदाला घाबरून हालचाल सोडू नका.

मात्र लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या आतून आणि बैठकीच्या जागी बधिरपणा येणं, पाऊल लुळं पडणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. कंबरदुखीच्या जोडीला ताप असेल, वजन कारणाशिवाय घटत असेल, पूर्वी कर्करोग झालेला असेल किंवा वयस्कर माणूस पडला असेल, तर व्यायामाआधी तपासणी.

[दृश्य: पलंगावरून उठणारी व्यक्ती, मग बेसिनपाशी]

सकाळचा पहिला तास कमरेला सगळ्यात नाजूक. रात्री आडवं झाल्यावर मणक्यांवरचा भार उतरतो आणि मधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात. उठतो तेव्हा आपण रात्रीपेक्षा एखाद-दोन सेंटिमीटर उंच असतो. फुगलेली चकती वाकताना जास्त ताणली जाते. ही वाढलेली उंची निम्म्याच्या आसपास पहिल्या तासातच उतरते. अमेरिकेतल्या स्टोव्हर स्नूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांना सकाळी लवकर वाकणं टाळायला शिकवलं, एवढंच. त्यांचं दुखणं कमी झालं.

म्हणून उठताना आधी कुशीवर वळा, पाय पलंगाखाली सोडा आणि हातानं रेटा देऊन बसा. दात घासताना एक हात बेसिनवर टेकवा. केर, रांगोळी, खाली बसून कपडे धुणं तासभर पुढे ढकला. सूर्यनमस्कारसुद्धा. आपल्याकडे ते उठल्याउठल्या घालण्याची सवय आहे आणि ती चांगलीच आहे, पण ज्याची कंबर वारंवार धरते त्यानं तासाभरानं घालावेत, आणि हात पायांपाशी टेकवताना गुडघे थोडे वाकवावेत.

[दृश्य: पाठीवर उभी धरलेली काठी, बाजूनं चित्रण]

आता वाकण्याबद्दल. वाकायचं खुब्यातून, कमरेतून नाही. हे डोळ्यांनी तपासता येतं. झाडूची काठी पाठीवर उभी धरा. ती तीन ठिकाणी टेकली पाहिजे: डोक्याच्या मागे, दोन खांद्यांच्या मध्ये आणि माकडहाडावर. कमरेच्या खळग्यात काठीमागे तळहात जेमतेम सरकेल इतकी फट हवी. आता गुडघे थोडे सैल सोडून बैठक मागे न्या, जणू ढुंगणानं दार लोटायचं आहे. काठी माकडहाडापासून सुटली, की समजायचं कंबर गोल झाली. बहुतेकांची पहिल्या दहा प्रयत्नांत सुटतेच. रोज वीस वेळा केलं, तर दोन-तीन आठवड्यांत काठीशिवाय जमायला लागतं.

स्वयंपाकघरातला भरलेला सिलिंडर हा खरा पेपर. आत १४.२ किलो गॅस आणि टाकीचं पोलाद, मिळून तीस किलोच्या घरात. तो उचलायचाच नाही. तिरका करून तळाच्या कडेवर फिरवत न्यायचा. उचलण्याजोगं वजन पोटाशी घ्यायचं, कारण हात लांब करून धरलेल्या बादलीचा ताण कमरेवर कितीतरी पटींनी वाढतो. वळायचं असेल तर पावलं वळवा. बालदी हातात, पाय मोरीकडे आणि धड ओट्याकडे, या अवस्थेत कंबर हमखास धरते. आणखी एक: चार तास एसटीत बसून उतरल्यावर डिकीतली बॅग लगेच ओढू नका. बसून बसून कमरेच्या मागचे स्नायुबंध सैलावलेले असतात. दोन मिनिटं उभं राहा, चार पावलं टाका, मग हात घाला.

[दृश्य: सतरंजीची घडी, लादीवर व्यायाम]

आता व्यायाम. इथे तीन दाखवतोय. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात पाठीच्या कण्याचा अभ्यास करणाऱ्या स्टुअर्ट मॅकगिल यांनी ते लोकप्रिय केले. कंबरदुखीवर एकच व्यायाम रामबाण ठरलेला नाही, पण यांना साधनं लागत नाहीत आणि चकतीवर ताण कमी येतो.

पहिला: उताणे झोपा. एक गुडघा वाकवलेला, दुसरा पाय सरळ. दोन्ही तळहात कमरेच्या खळग्याखाली. डोकं आणि खांदे लादीवरून फक्त इतके उचला, की खालून पातळ वही सरकेल. दहा सेकंद धरा. हनुवटी छातीकडे ओढली की मान दुखते, खळगा हातांवर चेपला की कंबर गोल होते. श्वास कोंडू नका. निम्मे झाल्यावर पाय बदला.

दुसरा: कुशीवर झोपून कोपर खांद्याच्या बरोबर खाली, गुडघे वाकवलेले. खुबे पुढे आणि वर न्या, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत एक रेघ झाली पाहिजे. खुबे मागे राहिले, तर सगळा भार खांद्यावर येतो. खांदा दुखत असेल तर हाच व्यायाम उभ्यानं, भिंतीला कोपर टेकवून करा.

तिसरा: सतरंजीच्या घडीवर गुडघे, खांद्यांखाली तळहात. उजवा हात पुढे, डावा पाय मागे. पाय बैठकीच्या पातळीपर्यंतच. चूक इथेच होते: पाय आणखी वर नेला की कमरेला बाक पडतो आणि बैठक एका बाजूला कलते. कमरेवर प्लास्टिकची रिकामी वाटी ठेवा. घसरली, तर पाय खाली घ्या.

प्रत्येक धारणा दहा सेकंदांची, त्याहून जास्त नाही. आधी सहा, थोडी विश्रांती, मग चार, मग दोन. दुसरा आणि तिसरा व्यायाम दोन्ही बाजूंनी. सुरुवातीला तीन-दोन-एक पुरे. प्रगती संख्येत करायची, सेकंदांत नाही, कारण थकलेला स्नायू आकार सोडतो आणि मग कंबरच भार घेते. कमरेला इथे दिवसभर टिकणारा दम हवा, जोर नव्हे. रोज पंधरा मिनिटं लागतात. संध्याकाळची वेळ उत्तम.

[दृश्य: गच्चीवर, मग रस्त्याकडेनं चालणारे पाय]

कमरेचा पट्टा आणि वजन लावून कंबर ताणणं (ट्रॅक्शन) यांबद्दल विचारलं जातंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी जुनाट कंबरदुखीच्या नेहमीच्या उपचारात हे दोन्ही नकोत असं म्हटलं आहे. फळीवर झोपण्याचा सल्लाही आता सोडून द्यावा. स्पेनमध्ये ३१३ जणांवर झालेल्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. खुर्चीत बसताना पंचा गुंडाळून कमरेमागे ठेवा आणि अर्ध्या तासानं उठा. दुचाकीवर बसण्याआधी मागच्या खिशातलं पाकीट काढा.

आणि चाला. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातल्या संशोधकांनी नुकत्याच कंबरदुखीतून बऱ्या झालेल्या ७०१ जणांचा अभ्यास केला. तो २०२४ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना चालण्याचा वाढता कार्यक्रम आणि फिजिओथेरपिस्टचं मार्गदर्शन मिळालं, बाकीच्यांना काही नाही. चालणाऱ्यांमध्ये पुन्हा दुखणं उद्भवायला मध्यकानं (निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांमध्ये ११२. उद्दिष्ट होतं आठवड्यातून पाच दिवस, तीस मिनिटं, तेही सहा महिन्यांत हळूहळू गाठायचं. दहा मिनिटांनी सुरुवात करा, दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. हात मोकळे हलू द्या, हातात जड पिशवी नको.

एवढं करूनही उसण कधीतरी भरेलच. त्या दिवशी जमिनीवर उताणे झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवा, दहा मिनिटं. गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं शेका. अंथरूण एक-दोन दिवसांहून जास्त धरू नका, त्यातही दर दोन तासांनी पाच मिनिटं घरातल्या घरात चाला. तिन्ही व्यायाम दुखणं वाढवत नसतील तर निम्मे करा, वाढवत असतील तर तिसरा थांबवून भिंतीचा ठेवा. दोन आठवड्यांत उतार पडला नाही, किंवा कळ गुडघ्याखाली उतरू लागली, तर फिजिओथेरपिस्टकडे जा. जाताना फ्रिजवरचा तो व्यायामाचा कागदही न्या.