नऊ टोले वाईला, नऊ वसईला

श्रोतेहो, नमस्कार. आज आमच्या धर्मग्रामाचा, म्हणजे पॅरिशचा इतिहास सांगायला बसलोय. धर्मग्राम म्हणजे काय? एक देऊळ, एक प्रमुख धर्मगुरू, आणि देवळाची घंटा जिथवर ऐकू जाते तिथवरची घरं. ही व्याख्या माझी आहे, बिशपांना विचारू नका. आणि हो, आम्ही वसईचे ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो. ‘तुम्ही ख्रिस्ती, मग मराठी इतकं चांगलं कसं बोलता?’ असं मला लोकलमध्ये आजही कोणी ना कोणी विचारतं. अहो, मग काय लॅटिन बोलू?

तर इतिहास. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना देऊन टाकली. त्यांच्या मागोमाग ख्रिस्ती धर्मसंघांचे मिशनरी आले: आधी फ्रान्सिस्कन, मग जेजुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन. किल्ल्यात फिरलात तर त्यांच्या देवळांचे सांगाडे अजून दिसतात, वर आभाळ आणि भिंतीतून वडाची मुळं. याच वसईत गोन्सालो गार्सिया जन्मला. आधी जपानमध्ये व्यापार केला, मग फ्रान्सिस्कन झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ला नागासाकीत क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्याला संत घोषित केलं. लोक सरसकट ‘फादर गोन्सालो’ म्हणतात. ते चूक आहे. तो ब्रदर होता, म्हणजे संघातला, पण पाद्री नव्हे; त्याने कधी मिस्सा, म्हणजे देवळातली मुख्य उपासना, केली नाही. पुन्हा सांगतो: ब्रदर, फादर नव्हे.

पुढे १७३९. चिमाजीअप्पांनी वसई घेतली. हे साल लक्षात ठेवा, १७३९, कारण माझी गोष्ट तिथूनच निघते. गोरे मिशनरी गेले, भाविक मात्र इथेच राहिले. त्यांना सांभाळलं ते गोव्याहून आलेल्या देशी पाद्र्यांनी. पुढची दीडेकशे वर्षं बाप्तिस्मा, लग्न, मयत, सगळं त्यांच्याच हातून झालं. पुतळे मात्र कोणाचे उभे राहिले नाहीत. मग हळूहळू आमच्याच वाड्यांमधली पोरं सेमिनरीत, म्हणजे पाद्री व्हायच्या शाळेत, जाऊ लागली. १९६५ला व्हॅटिकनची दुसरी परिषद, म्हणजे जगभरच्या बिशपांची मोठी सभा, संपली आणि लॅटिन मिस्सा मराठीत आली. माझ्या आजीला लॅटिन उत्तरं तोंडपाठ होती, अर्थ एकाचाही माहीत नव्हता. मराठी आल्यावर म्हणाली, ‘आता चुकलं की कळतं, हेच वाईट.’

असो. १७३९ला विजयी फौजेने वसईच्या देवळांमधल्या घंटा उतरवून नेल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा तुम्ही ऐकून आहात. भीमाशंकरला एक आहे. आणि एक आहे वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या वाड्याखाली, कृष्णेच्या घाटावर. आता ऐका.

मी दहावी झालो त्या वर्षी धर्मग्रामाची सहल महाबळेश्वरला गेली. लाल एसटी, चाळीसेक माणसं, आमचे फादर, आणि आमचे घंटेवाले आजोबा. आजोबांनी उभा जन्म एकच काम केलं. सकाळी, दुपारी बाराला आणि तिन्हीसांजेला दोर ओढायचा. देवदूताच्या निरोपाचे टोले: तीन, थांबा. तीन, थांबा. तीन, थांबा. आणि मग सलग नऊ. एकूण अठरा. सहलीला येतानासुद्धा ते तयार नव्हते. नातवाला दोर धरायला शिकवून, त्याची दोनदा परीक्षा घेऊन मगच गाडीत चढले.

परतताना फादर म्हणाले, मेणवलीची घंटा पाहू. घाटावर पोचलो तेव्हा बाराला दहाएक मिनिटं होती. घंटा ही एवढी मोठी, साडेसहाशे किलोची म्हणतात, पंचधातूची. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मारियामाता आणि साल १७०७. पोरं फोटो काढत होती. आजोबा आधी लांब उभे राहिले. मग चपला काढल्या, टोपी काढली, जवळ जाऊन तिच्या काठावरून अंगठा फिरवला, जसा आपण कोयत्याच्या धारेवरून फिरवतो तसा. बोटाच्या पेराने टकटक केलं आणि कान लावला. म्हणाले, ‘चीर नाही.’ एवढंच.

आणि बारा वाजले. कोणाला काही कळायच्या आत आजोबांनी टोला दिला. एक, दोन, तीन. थांबले. ओठ हलत होते. पुन्हा तीन. थांबले. नदीत कपडे धुणाऱ्या बायांनी माना वर केल्या. पुन्हा तीन. तोवर घाटावरच्या हिंदू देवळाची देखरेख करणारा गडी धावत आला. ‘ओ पाव्हणं! एकदा वाजवायची असती! घड्याळ लावलंय व्हय?’

आजोबा शांतपणे म्हणाले, ‘अजून नऊ राहिलेत.’

‘नऊ?’ तो गडी फादरांकडे बघायला लागला. फादरांचा झगा, आजोबांचा हात घंटेवर. फादर लाजेने लालबुंद. त्यांनी आजोबांना दंडाला धरून गाडीत आणून बसवलं. त्या गड्याला नारळाचे पैसे दिले, त्यानेही ते घेतले, वर प्रसादाचा खडीसाखरेचा पुडा दिला. भांडण वगैरे काही नाही.

पण गाडीत आजोबा गप्प. पुण्यात सगळे जेवले, आजोबांनी पाणीसुद्धा घेतलं नाही. अर्धवट सोडून आलो, एवढंच दोनदा म्हणाले. बोरघाटात गाडी तापली, तासभर गेला. घोडबंदरमार्गे वसईत पोचलो तेव्हा रात्रीचे साडेबारा. आम्ही पेंगत पिशव्या उतरवतोय, तोवर आजोबा गायब.

आणि घंटा वाजली. सलग नऊ टोले.

श्रोतेहो, आमच्याकडे अवेळी घंटा म्हणजे मयत. सगळा गाव उठला. बॅटऱ्या, कंदील, डोक्यावरून चादर घेतलेल्या बाया. माझी आई आली, अनवाणी. एका काकींनी तर कोण गेलं ते न विचारताच हंबरडा फोडला. आजोबा मनोऱ्यातून खाली उतरले, घाम पुसला, कमरेची किल्ली चाचपली आणि घरी निघून गेले. फादर पायरीवर उभे राहून म्हणाले, ‘कोणी मेलेलं नाही. दुपारची प्रार्थना आत्ता पूर्ण झाली. घरी जा, झोपा.’ त्या काकी पुढे महिनाभर आजोबांशी बोलल्या नाहीत. रडणं फुकट गेलं म्हणून.

आता काचेपलीकडून निर्माते हात दाखवतायत, दोन मिनिटं उरलीत, आणि इतिहासाचं बरंच राहिलं. तर पटकन: २२ मे १९९८ला मुंबईपासून वेगळा होऊन वसई स्वतंत्र धर्मप्रांत झाला, पहिले बिशप थॉमस डाबरे. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२०ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. त्यावर खरं तर एक वेगळं भाषण हवं. भातशेतीच्या जागी इमारती आल्या, मुंबईतून, गोव्याहून, मंगळूरहून, केरळातून माणसं आली, आणि रविवारी एकाच देवळात तीन-चार भाषांत मिस्सा व्हायला लागल्या. सणाला रोषणाईवर होणारा खर्च मला अजिबात पटत नाही, पण ते पुन्हा कधीतरी.

घंटेला आता बटण बसवलंय. अठराच्या अठरा टोले वाजतात, मधल्या थांबण्यासकट. ते बटण आजोबांचा तोच नातू दाबतो. नमस्कार.